जिवंत जिवाणूंच्या नावाखाली गेलेले ४४,००० रुपये

राजारामपुरीत गेली नऊ वर्षे मी लहानसे ब्युटी पार्लर चालवते, घरी रोज दही विरजते आणि उन्हाळ्यात नाचणीची आंबील करते. तरीही आंबवलेल्या वस्तूच्याच नावाखाली मी फसले, हे लिहिताना लाज वाटते.

एप्रिलमध्ये एका प्रदर्शनात भेटलेल्या विक्रेत्याने ‘जिवंत प्रोबायोटिक (म्हणजे उपयोगी जिवाणू), आंबवलेल्या तांदळाचे पाणी आणि ज्येष्ठमधाचा अर्क’ असलेल्या, चेहऱ्याला लावायच्या सीरमची कोल्हापूरची एजन्सी देऊ केली. न खपलेला माल परत घेण्याची हमी होती. मी अनामत ५,००० रुपये भरून ६५० रुपयांप्रमाणे २० बाटल्या घेतल्या आणि मे महिन्यात आणखी ४० घेतल्या. एकूण ४४,००० रुपये त्याच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने गेले. पुढचे सांगायला नकोच: जूनपासून फोन बंद.

मला राग येतो तो मे महिन्यातल्या त्या दुपारचा. भर उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीतून तो बाटल्या काढत होता. जिवाणू जिवंत आहेत तर हे फ्रीजमध्ये नको का, असे मी विचारले. तो म्हणाला, “ताई, लोणचं ठेवता का फ्रीजमध्ये?” मी हसले आणि पैसे पाठवले. विरजण लावलेले दही मे महिन्यात एक दिवस बाहेर राहिले तर काय होते हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? बाटलीवरच्या घटकांच्या यादीत फिनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक होते आणि ते जिवाणू वाढू नयेत म्हणूनच घालतात. त्याची मर्यादा १ टक्का असते आणि १ टक्क्याहून अधिक असलेले घटक यादीत उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. माझ्या बाटलीवर लॅक्टोबॅसिलस (तेच ते ‘जिवंत’ जिवाणू) आणि ज्येष्ठमध ही दोन्ही नावे त्याच्याही खाली होती, म्हणजे ज्याचे पैसे घेतले ते फार तर एखादा टक्का. चांगल्या उत्पादनांतही बहुधा जिवंत जिवाणू नसतात, आंबवल्यानंतर गाळलेला द्रव किंवा फोडलेल्या पेशींचा अंश असतो, हे मला नंतर समजले. बाटली हातात घेतली की आधी मागची बाजू वाचा. उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि उत्पादकाचा पूर्ण पत्ता नसेल तर तिथेच परत द्या. माझ्या बाटलीवर यातले काहीच नव्हते, फक्त विकणाऱ्याचे नाव होते.

मी लोभी नाही. मुलीच्या कॉलेजची फी तोंडावर होती आणि प्रदर्शनातले इतर सगळे स्टॉल व्यवस्थित होते. ११ बाटल्या विकल्या गेल्या. त्यांपैकी चौघींचे चेहरे लाल झाले, तेव्हा प्रत्येकी १,१०० रुपये मी पदरचे परत केले.

पोलीस ठाण्यात दोन तास बसवून ‘हा दिवाणी व्यवहार आहे, ग्राहक मंचाकडे जा’ असे सांगण्यात आले. तिकडे विचारले तर पुनर्विक्रीसाठी माल घेणारी व्यक्ती कायद्याने ग्राहकच ठरत नाही, असे उत्तर मिळाले. सौंदर्यप्रसाधनांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयात पक्के बिल मागितले. माझ्याकडे जीएसटी क्रमांक नसलेला लेटरपॅडचा कागद होता. तो परत माझ्याकडे सरकवत तिथल्या बाईंनी ‘शिकलेल्या दिसता की’ असे म्हटले, ते मला ४४,००० रुपयांपेक्षा जास्त लागले. चौघींचे चेहरे बिघडूनही कोणाला एक बाटली तपासणीला घ्यावीशी वाटली नाही. सायबर फसवणूक कळवण्याच्या १९३० या क्रमांकावर मी २३ दिवसांनी फोन केला आणि तोवर खाते रिकामे झालेले होते. तुम्ही त्याच तासाला करा, लाजत बसू नका.

उरलेल्या ४९ बाटल्या पार्लरच्या कपाटात आहेत. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीला बुरशी आली. त्या ‘जिवंत’ द्रवाला मात्र अजून ना आंबट वास आला, ना त्याचा रंग बदलला.