सेकंडहँड इंजिन घरीच खोलून बसवलं: आठ महिने, ९,४०० किमी आणि एक ऑइल सील

काल चढावर तिसऱ्या गिअरला अ‍ॅक्सिलरेटर दाबला, इंजिन बोंबलायला लागलं आणि गाडी आहे त्याच वेगात. क्लच घसरला. अशा वेळी माणसाला क्लचप्लेटची काळजी वाटते, मला मात्र आधी ऑइल सील आठवलं. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, मागच्या टोकाला, फ्लायव्हीलच्या जड चाकाआड लपलेलं, इंजिनातलं ऑइल क्लचकडे गळू न देणारं ते रबरी कडं. सगळ्या कामातला जवळपास सगळ्यात स्वस्त भाग, आणि आठ महिने डोकं खाल्लं ते त्यानेच. इंजिनाबद्दल चांगलं बोलण्यासारखं बरंच आहे, तेही सांगतो, पण आज राग ताजा आहे.

जुन्या इंजिनाचं रॉड बेअरिंग गेलं आणि रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, ब्लॉक फोडून बाहेर आला, त्यामुळे दुरुस्तीचा प्रश्न नव्हता. त्याच मॉडेलचं वापरलेलं इंजिन मिळालं. विकणारा म्हणाला, "खोलायची गरजच नाही साहेब. बसवा, चावी मारा." खरं सांगायचं तर मला तेच ऐकायचं होतं. तरी जमिनीवरच गिअरबॉक्स जोडला, स्टार्टरला बॅटरी दिली आणि कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते, पाहिलं: १६५, १६०, ११८, १६२ पीएसआय. तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा फिरवलं तर काटा १५० वर. ऑइल टाकल्यावर आकडा चढला की गळती पिस्टनभोवतीच्या रिंगांकडून, चढला नाही की संशय वॉल्व्हवर किंवा गॅस्केटवर. विकणाऱ्याला फोन केला तर उत्तर आलं, "आहे तसं दिलंय." झालं, खोलायला घेतलं.

तिसऱ्या पिस्टनच्या रिंगा खाचेत कार्बनने चिकटून बसल्या होत्या, बोटाने हलेनात. असं इंजिन तसंच गाडीत चढवलं असतं तर महिन्याभरात पुन्हा उतरवावं लागलं असतं. त्यामुळे विकणाऱ्याला शिव्या घालता घालता त्या कॉम्प्रेशन गेजचे आभारही मानले. पिस्टन काढण्याआधी प्रत्येक रॉड आणि त्याच्या कॅपवर एकाच बाजूला नंबर टाकले. एकाची कॅप दुसऱ्या रॉडला गेली की बेअरिंगचा गोल बिघडतो. बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते भोक, ७५ मिमी, झीज हद्दीत होती, त्यामुळे मोठं बोरिंग वाचलं, नुसतं होनिंग करून तिरप्या जाळीच्या रेघा पाडल्या. नव्या रिंगा पिस्टनच्याच डोक्याने बोअरमध्ये सरळ ढकलून फीलर गेजने फट पाहिली. एक सोडून सगळ्या ०.३० मिमीच्या आसपास. ती एक बारीक कानशीने दोनदा घासली. मेन बेअरिंगवर प्लास्टिगेजची पट्टी (दबून बेअरिंगमधली फट दाखवणारा मऊ धागा) ०.०४ मिमीला दबली. हेड सपाट निघालं, सरळपट्टीखाली ०.०५ ची पातीही गेली नाही. वॉल्व्ह लॅपिंगला, म्हणजे वॉल्व्ह आपापल्या बैठकीवर घासून घट्ट बसवायला, दोन संध्याकाळी गेल्या, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, हात दुखतात एवढंच.

हेडबोल्टवर घरात वाद झाला. या इंजिनाचे बोल्ट आधी टॉर्क आणि मग ९० अंश, पुन्हा ९० अंश असे कोनात आवळायचे, म्हणजे ताणले जाणारे. एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नाहीत. मी चिकट माणूस, जुने बोल्ट डिझेलने धुऊन चकाचक करून ठेवले होते. मुलीने मॅन्युअलच्या त्या पानावर बोट ठेवलं आणि नवे आणले. बरं झालं.

मी तिचं जिथे ऐकलं नाही, ते असं. इंजिन बसलं, सगळं जोडलं, आणि जमिनीवर एक चपटी विणलेली तार उरली. "बाबा, ही कुठली?" "बघू नंतर." प्लग काढून, इग्निशनचं कनेक्शन काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर फिरवायचा होता, म्हणजे पहिल्या स्टार्टआधी बेअरिंगना ऑइल पोचतं. चावी फिरवली. इंजिन आळसावल्यासारखं अर्धा फेरा फिरलं आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून धूर. ती तार म्हणजे इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंग. ती नसल्यावर स्टार्टरचा सगळा करंट परत जायला वाट शोधतो, आणि आमच्याकडे त्याला ती बारीक केबल सापडली. वरचं प्लास्टिक वितळून आतल्या तारेला चिकटलं. नवी केबल. मुलगी काही बोलली नाही, पण पाना देताना नको तितकी हसत होती.

त्यानंतरचे आठ महिने इंजिन म्हणून पाहिले तर तक्रारीला जागा नाही. सुरू झाल्या झाल्या उभं ठेवून तासभर गुरगुरत ठेवलं नाही, थेट रस्त्यावर नेलं, मध्यम लोड देत आणि सोडत चालवलं, म्हणजे रिंगा बसतात. पहिलं ऑइल ५०० किमीला बदललं. फिल्टर कापून पाहिला, चिमूटभर चकाकी होती, कण नव्हते. परवाचं कॉम्प्रेशन: १७८, १७५, १७६, १८०. जुनं इंजिन फुटण्याआधी १,००० किमीला लिटरभर ऑइल पीत होतं. आता डिपस्टिकवरची रेघ दोन ऑइल बदलांच्या मध्ये जेमतेम हलते. सकाळचा निळा धूर गेला.

पण पुठ्ठा. पार्किंगमध्ये गाडीखाली मी पुठ्ठा ठेवतो आणि प्रत्येक डागाभोवती पेनने गोल काढून तारीख टाकतो. पहिला गोल दुसऱ्या महिन्यातला, चण्याएवढा. पाचव्या महिन्यात लिंबाएवढा. रोज नाही, दोन-तीन दिवसांनी एक थेंब, नेमका बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या आवरणाच्या, तळाच्या भोकाखाली. बोटाला लावून वास घेतला: गिअर ऑइलचा गंधकी उग्र वास नाही, इंजिनाचंच. वरून ओघळत असेल म्हणून इंजिनाची मागची बाजू धुतली, टाल्कम पावडर फवारली, ५० किमी फिरवून आणली. इंजिनावरच्या झाकणाखालची, म्हणजे कॅम कव्हरखालची पावडर पांढरीशुभ्र. म्हणजे मागचं क्रँक सीलच. आणि सील घेताना मी दोनपैकी स्वस्तातलं घेतलं होतं.

एवढा थेंब म्हणजे काहीच नाही, असं सगळे म्हणतात. वर्षभरात कपभरही जात नसेल. मलाही कळतं. पण बदलायचं म्हटलं तर ड्राइव्ह शाफ्ट, गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील, एवढं सगळं उतरवायचं, त्या एका कड्यासाठी. इंजिन बाहेर होतं तेव्हा हेच पाच मिनिटांचं काम होतं. त्यामुळे माझं मत पक्कं: ९,४०० किमी उत्तम, पण मागचं सील मात्र कंपनीचंच घ्या, तिथे चार पैसे वाचवू नका.

वरचं लिहून अडीच आठवडे झाले. ते मत मागे घेतोय.

गिअरबॉक्स खाली घेतला. क्लचप्लेटच्या कडा ऑइलने काळ्या चकाकत होत्या. ऑइल प्यायलेलं लायनिंग पेट्रोलने धुऊन परत येत नाही, ती गेलीच. फ्लायव्हील काढलं, सील उकरून काढलं आणि दिव्याखाली धरलं. ओठ मऊ, कुठे चीर नाही, मागची बारीक स्प्रिंग जागेवर. त्या बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता. मग क्रँकच्या त्या गोलाईवर नख फिरवलं. अडकलं. जुन्या सीलच्या ओठाने वर्षानुवर्षं घासून तिथे केसाएवढी खाच पाडली होती, आणि मी नवं सील लाकडी ठोकळ्याने ठोकत कडेशी सपाट, म्हणजे बरोबर जुन्याच खोलीवर बसवलं होतं. नवा ओठ जुन्या खाचेत.

आणि हे नख पहिल्यांदा अडकलं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी, बोअर शतांशात मोजत होतो त्याच संध्याकाळी, पुसताना ते जाणवलं होतं. "चालतंय" म्हणून चिंधी पुढे सरकवली होती. बेअरिंगला प्लास्टिगेज लावणाऱ्या माणसाने.

उपाय दोन. क्रँकवर पातळ धातूची बाही चढवायची, किंवा सील थोडं कमी खोल बसवायचं, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतो. मी दुसरा घेतला. दीड मिमी बाहेर. पण आधी तिथे ओठाला पुरेशी गुळगुळीत जागा आहे का आणि सील फ्लायव्हीलला घासणार नाही ना, ते पाहिलं. चार ठिकाणी कॅलिपरने मोजत बसवलं, कारण तिरकं बसलेलं सीलही गळतं. सील कुठलं घेतलं? तेच, स्वस्तातलं. क्लचप्लेटचे पैसे गेले ते पुरे.

शनिवार-रविवार मिळून १४ तास. त्यातली ५ मिनिटं सीलची.

आता ६०० किमी झाले. खाली नवा पुठ्ठा आहे, अजून पेन काढावं लागलेलं नाही. रिव्हर्स टाकताना मात्र एक बारीक टकटक येते, बहुतेक गिअरबॉक्सचा माउंट. मुलीलाही ऐकू येते. "बाबा, आत्ताच बघूया," म्हणाली, आणि टॉर्च आणायला गेली.