२,३६८ डॉलरची मस्टँग: आकडा खरा, पण कोणत्या गाडीचा?

१७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डने मस्टँग लोकांसमोर आणली, किंमत २,३६८ डॉलर. पहिल्याच दिवशी २२,००० गाड्यांची मागणी नोंदवली गेली. जुन्या अमेरिकन गाड्यांचा विषय निघाला की हा आकडा आजही कुणीतरी काढतंच, वर एक उसासाही टाकतं. त्या उसाशात बहुतेकदा लाल कन्व्हर्टिबल (उघडणाऱ्या छताची गाडी) असते आणि व्ही-८ ची, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाची, गुरगुर असते. २,३६८ मध्ये यातलं काहीच येत नव्हतं.

त्या पैशात येत होती दोन दारांची हार्डटॉप (पक्क्या छताची गाडी), १७० घनइंचाचं, १०१ हॉर्सपॉवरचं सहा सिलिंडरचं इंजिन, तीन गिअर, चारी चाकांना ड्रम ब्रेक आणि १३ इंची चाकं. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (चालत्या गाडीत गिअर सहज पाडणारी रचना) नाही, म्हणजे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो मुकाट्याने पडत नाही. मात्र बकेट सीट, गालिचा, जमिनीवरचा गिअर दांडा आणि पूर्ण व्हील कव्हर मूळ किमतीतच. डोळ्यांना दिसतं ते फुकट, रस्त्यावर जाणवतं त्याचे पैसे वेगळे! फोर्डचे त्या वेळचे अधिकारी ली आयाकोका यांनी २,५०० डॉलर किंमत आणि २,५०० पौंड वजनाच्या आत गाडी बसवायला सांगितली होती; ते जमलं, कारण खालचा सांगाडा फोर्डच्याच आधीच्या फाल्कन गाडीचा होता. माझ्या मते मस्टँगमधला सगळ्यात हुशारीने बनवलेला भाग म्हणजे तिची किंमत.

शिवाय हा भाव डेट्रॉइटच्या दारातला. वाहतूक आणि कर वेगळे. छोट्या व्ही-८ ला शंभराच्या थोडं वर, त्याला ऑटोमॅटिक गिअर जोडला की सुमारे १९०, पॉवर स्टिअरिंग ८६, साधा एएम रेडिओ ५८. झाले २,८००. एअर कंडिशनर सुमारे २८३, म्हणजे तीन हजार पार. महागाई धरली तर २,३६८ डॉलर म्हणजे २०२४ चे साधारण २४,०००. तेव्हा किमान वेतन तासाला सव्वा डॉलर होतं. त्या पगारावर ही ‘स्वस्त’ गाडी जवळजवळ १,९०० तासांच्या कामाची होती, आणि तीही खाणंपिणं सोडून.

गंमत फास्टबॅकची, म्हणजे मागे उतरत जाणाऱ्या छताच्या मस्टँगची. १९६४ च्या शरद ऋतूत आली तेव्हा ती २,५८९ ला होती, २,६१४ च्या कन्व्हर्टिबलपेक्षाही थोडी स्वस्त. आज त्याच इंजिनाच्या हार्डटॉपपेक्षा ती कितीतरी महाग विकली जाते, म्हणून हार्डटॉपचं छत कापून फास्टबॅक केलेल्याही सापडतात.

आज जुनी मस्टँग घ्यायला जाताना काचेवर लावलेल्या मूळ किमतीच्या पत्रकावर फार विसंबू नये. १९५८ च्या कायद्याने ते प्रत्येक नव्या गाडीवर सक्तीचं झालं हे खरं, पण त्याच्या नव्या छापील नकला सहज मिळतात. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांची कारखान्यातली नोंद मागवता येते, ६५-६६ ची तशी मिळत नाही. म्हणून गाडीचा ओळख क्रमांक वाचायचा. तो ड्रायव्हरच्या बाजूला, बॉनेटखालच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला असतो. दारावरच्या पट्टीशी तो जुळला पाहिजे. पट्टी नवी बनवून मिळते, ठोकलेला आकडा बदलणं अवघड.

समजा सुरुवात ‘५आर०७टी’ अशी आहे. ५ म्हणजे १९६५. ‘साडेचौसष्ट’ हे १९६४ मध्ये बनलेल्या अगदी पहिल्या गाड्यांना लोकांनी दिलेलं नाव, त्यांच्यावरही ५ च असतो. दुसरं अक्षर कारखान्याचं: आर म्हणजे सॅन होजे, एफ डिअरबॉर्न, टी मेटाचेन. ०७ हार्डटॉप, ०८ कन्व्हर्टिबल, ०९ फास्टबॅक. पाचवं अक्षर इंजिनाचं: टी म्हणजे २०० घनइंचाचं सहा सिलिंडर, सी म्हणजे २०० हॉर्सपॉवरचं २८९ घनइंचाचं व्ही-८, ए म्हणजे २२५ चं, के म्हणजे २७१ चं. जीटी हे स्पोर्टी पॅकेज फक्त ए आणि के वर मिळत होतं. सी किंवा टी गाडीवर जीटीचे पट्टे असतील तर ते नंतर कुणीतरी चिकटवलेत. मेटाचेनला मस्टँग १९६५ च्या सुरुवातीला बनू लागली. तेव्हा तिथली गाडी कुणी ‘साडेचौसष्टची’ म्हणून जास्त भावाने विकत असेल तर नमस्कार करून निघावं.

आता गंज, या गाडीचं खरं दुखणं. पुढच्या काचेखाली जाळी असते, तिच्याखाली दोन पत्र्यांची बंद पेटी. आत हवेसाठी दोन उभ्या नळ्या. जाळीतून पाला पडतो, तळाशी कुजून ओल धरतो, आणि नळ्यांच्या बुडाशी पत्रा सडतो. मग पावसाचं पाणी थेट पायाशी. तपासायला जाळीवर पाच मिनिटं पाइपने पाणी सोडायचं आणि डॅशबोर्डखाली दोन्ही कोपऱ्यांत टॉर्च मारायचा. ठिबकलं तर दुरुस्ती मोठी: काच आणि फेंडर काढून, स्पॉट वेल्ड ड्रिलने एकेक तोडून वरचा पत्रा उचलावा लागतो. प्लॅस्टिकची टोपी आणि सीलंट लावून भागवतात, पण आतला सडका पत्रा तसाच राहतो. नवा फ्लोअर पत्रा दिसला की आनंद नको, आधी ही पेटी. पेटी गळत असेल तर नवा फ्लोअरही सडणार.

त्यानंतर टॉर्क बॉक्स (गाडीच्या तळाला पुढच्या सांगाड्याशी जोडणारी पत्र्याची पेटी), बॅटरीखालचा पत्रा, मागच्या चाकांच्या कमानी. कमानींवर लोहचुंबक फिरवावा. चिकटला नाही तर खाली पुटी आहे. पुढची स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते, सगळा धक्का शॉक टॉवरवर (स्प्रिंगचं वरचं टोक धरणाऱ्या पत्र्याच्या बुरुजावर) जातो, त्यामुळे टॉवरच्या वेल्डभोवती तडे शोधायचे. नुसता तडा वेल्ड करून पुरत नाही. दोन्ही टॉवरना काऊलशी (काचेखालच्या त्याच पेटीशी) बांधणारा एकसंध ब्रेस, म्हणजे आधाराचा तुकडा, बसवावा.

पेट्रोलची टाकी हाच डिकीचा तळ आहे. डिकीत पेट्रोलचा वास आला तर आधी भरण नळीचा रबर बघा. हार्डटॉपमध्ये टाकी आणि मागच्या सीटच्या मध्ये नुसता पुठ्ठा असतो. तिथे पोलादी पत्रा लावणं खर्चाच्या मानाने फार मोलाचं.

ब्रेकला १९६६ पर्यंत एकच सर्किट, म्हणजे चारी चाकांना तेलाची एकच वाट. एका चाकाचा सिलिंडर फुटला की पेडल थेट खाली. १९६७ च्या धर्तीचा दुहेरी मास्टर सिलिंडर (पेडलने दाबला जाणारा ब्रेक तेलाचा पंप) लगेच बसवावा. मात्र चारी ड्रमचा आणि पुढे डिस्क, मागे ड्रम असलेल्याचा वेगळा येतो. ड्रमचा सिलिंडर डिस्कला जोडला तर आतला व्हॉल्व्ह दाब धरून ठेवतो आणि पुढचे पॅड घासत राहतात.

इंजिनात माझं मत टी कोडला. २०० घनइंचाला क्रँकशाफ्ट धरणारी सात मेन बेअरिंग आहेत, १७० ला चारच. १२० हॉर्सपॉवर, हाताशी जागा भरपूर, कामाला सोपं. इनटेक (इंजिनात हवा-पेट्रोल नेणारी वाट) मात्र हेडमध्येच ओतलेला असल्याने मोठा कार्ब्युरेटर लावून ताकद वाढवायच्या नादी लागू नये. आवाज हवाच असेल तर पहिल्यापासून सी किंवा ए घ्यावी. सहा सिलिंडरच्या गाडीच्या चाकांना चार बोल्ट, व्ही-८ ला पाच. मागचा ॲक्सल सहाला ७¼ इंची, व्ही-८ ला ८ इंची. टी गाडीत व्ही-८ टाकायचं तर ॲक्सल, हब, ब्रेक, पुढच्या स्प्रिंग सगळं बदलतं, आणि एवढा खर्च करूनही ठोकलेलं पाचवं अक्षर टी च राहतं.