निफाडची बाटली की अकलूजची?

वाइन घ्यायची ती घरच्या माणसांनी चालवलेल्या वायनरीचीच, असं ठरवलं की महाराष्ट्रात दोन नावं हमखास पुढे येतात. एक निफाडजवळच्या कुंदेवाडीची रेव्हिलो आणि दुसरी अकलूजकडची फ्रॅटेली. काही जण नाशिकच्या गंगापूर धरणाकाठची यॉर्कही सुचवतात. ती गुरनानी कुटुंबाने २००६ मध्ये उभी केली हे खरं, पण २०२१ मध्ये सुला या नाशिकच्याच मोठ्या वाइन कंपनीने ती विकत घेतली. शेनिन ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षापासून केलेली तिची फेसाळ वाइन जरूर प्या, पण घरची म्हणून नको.

आता या दोघी कितपत घरच्या? रेव्हिलोचा मामला सरळ आहे. यतीन आणि किरण पाटील हे द्राक्ष बागायतदार घराण्यातलं जोडपं. बाग त्यांची, तळघर त्यांचं, वाइन करायला आंद्रेआ व्हॅलेंतिनुझ्झी हा इटालियन तज्ज्ञ. फ्रॅटेलीत भावांच्या तीन जोड्या आहेत: अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची. त्यांच्या जोडीला इटलीतल्याच तोस्कानाचा वाइनमेकर पिएरो मासी. (आपल्याकडे भाऊ एकत्र आले की सातबारा आणि कोर्टाची तारीखच आठवते, त्यामुळे हे प्रकरण इतकी वर्षं टिकलं याचंच कौतुक.) मात्र २०२४ पासून फ्रॅटेली शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या छत्राखाली आहे. कुटुंबं आहेतच, पण आता ताळेबंद बाहेरच्यांनाही दाखवावा लागतो. तसंही घराणं म्हणजे स्थैर्याची हमी नव्हे. नारायणगावची इंडाज चौगुले कुटुंबाचीच होती. एकेकाळी देशात दबदबा असलेली ही कंपनी कर्जाखाली बुडालीच.

मग घरचं असण्याचा बाटलीतल्या मालाशी संबंध काय? माझ्या मते एकच, आणि तो मोठा आहे: बाग कुणाच्या हातात आहे. आपला बागायतदार थॉमसन हे खायचं बिनबियांचं द्राक्ष पिकवतो तेव्हा मणी फुगवायला घड जिब्रेलिक या वाढीच्या संजीवकात बुडवतो, कारण बाजारात मण्याच्या आकाराला भाव आहे. वाइनच्या द्राक्षाचं गणित उलटं. मणी बारीक हवा, साल जाड हवी, बी हवी, कारण रंग आणि तुरटपणा सालीत-बीत असतो. वेलीवर माल कमी ठेवला तर चव दाट उतरते. पण किलोवर पैसे मिळणाऱ्या शेतकऱ्याने घड का खुडून टाकावेत? करारात साखरेची, म्हणजे ब्रिक्सची अट घालता येते, पण छाटणी कधी घ्यायची, किती घड ठेवायचे आणि कोणत्या पहाटे तोडणी लावायची हे बागेचा मालकच ठरवतो. रेव्हिलो स्वतःच्याच बागेतली द्राक्षं वापरते. फ्रॅटेलीनेही माळशिरस तालुक्यात मोटेवाडी, गारवाड, निमगाव अशा ठिकाणी स्वतःच्या बागा लावल्या, त्याही बाहेरून रोपं आणून. या मुद्द्यावर दोघी बरोबरीत.

फरक पडतो तो हवामानाने. हिवाळ्यात पेपरात 'निफाडचा पारा घसरला' अशी बातमी येते ना, तो आकडा याच कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. ऑक्टोबरच्या आगेमागे फळछाटणी झाली की घड नेमके त्या थंडीत वाढतात. रात्र गार असली की द्राक्षातला आंबटपणा उडून जात नाही, आणि व्हाइट वाइनचा सगळा डोलारा त्याच आंबटपणावर उभा असतो. अकलूजकडे पाऊस कमी, ऊन खणखणीत. साल चांगली पिकते, भुरी-डाऊनी या बुरशीच्या रोगांची कटकट कमी, म्हणून रेडला तो भाग मानवतो. पण फेब्रुवारी तापला की साखर भराभर चढते आणि तोडणीला दोन दिवसांचा उशीर झाला तरी ग्लासात तो जाणवतो.

त्यामुळे माझं मत सरळ आहे: व्हाइट आणि गोड वाइन निफाडची, रेड अकलूजची.

रेव्हिलोची ग्रिलो घ्या. हे सिसिलीचं द्राक्ष, उकाड्याला सरावलेलं, आणि आपल्याकडे फारसं कुणी लावत नाही. तळलेल्या बोंबलाबरोबर लिंबू पिळायची गरज उरत नाही, इतपत ती धारदार लागते. त्यांची लेट हार्वेस्ट शेनिन म्हणजे वेलीवर जास्त दिवस ठेवून गोडावलेल्या द्राक्षांची वाइन. ती छोट्या ग्लासात, चांगली गार करून घ्यावी. रेडमध्ये त्यांची नेरो दाव्होला, म्हणजे सिसिलीच्याच काळ्या द्राक्षाची वाइन, गमतीची आहे, पण खास तिच्यासाठी निफाडची वाट धरावी अशी मला वाटत नाही.

फ्रॅटेलीची मुख्य बाटली सेटे: सांजोव्हेझे हे इटालियन आणि कॅबर्ने सोव्हिन्यों हे फ्रेंच, अशा दोन काळ्या द्राक्षांचं मिश्रण, ओकच्या पिंपात मुरवलेलं. दीड हजाराच्या पुढे जाते. उघडल्या उघडल्या ओतली तर आधी लाकूडच बोलतं. तासभर श्वास घेऊ द्या, मग आंबटगोड चेरी आणि मागून येणारा कोरा तुरटपणा कळतो. भारतीय रेडमध्ये इतकी बांधीव वाइन क्वचित मिळते. रोजच्यासाठी त्यांची साधी सांजोव्हेझे पुरे, खिशालाही परवडते.

जेवणाचा विचार न करता सेटे घेणाऱ्यांना मात्र एक सांगायचंय. तांबड्या रश्श्याबरोबर ती उघडू नका. तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाला आणखी चेव आणतात, जीभ पेटते आणि दीड हजार वाया जातात. झणझणीत जेवणाला किंचित गोडसर शेनिन बरी. सेटेला भाजलेलं मटण, कमी मसाल्याचं, किंवा मुरलेलं चीज द्या.

नुसती बाटली नाही, सहलही हवी असेल तर पारडं अकलूजकडे झुकतं. पुण्याहून साडेतीन-चार तास लागतात, पण बागेतच मुक्काम करता येतो. निफाड हे पर्यटकांचं ठिकाण नव्हे. तिकडे आधी फोन करूनच जा, नाहीतर कांद्याच्या ट्रॅक्टरमागे रांगत जाऊन बंद फाटक बघाल.

दुकानात घेताना वर्ष बघाच. आपल्याकडच्या बऱ्याच दुकानांत वाइन व्हिस्कीच्या शेजारी, ट्यूबलाइटखाली, उभ्याने तापत असते. ग्रिलो किंवा शेनिन दोन-तीन वर्षांहून जुनी दिसली किंवा रंग मधासारखा पिवळा झालेला असला तर सवलत मिळाली तरी घेऊ नका, ताजी खोकी कधी येणार ते विचारा. लेट हार्वेस्टला ही अट नाही, ती मुळातच पिवळसर असते.