सर्व्हर अपुरा नव्हता, इंडेक्स काढलेला होता

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आमचा चादरी-टॉवेलांचा कारखाना असून घाऊक व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी वेबसाइटवरूनच येतात. दिवाळीच्या तोंडावर ती एकाएकी मंदावली आणि व्यापाऱ्याची जुनी ऑर्डर उघडायला पाऊण मिनिट लागू लागले, तेव्हा देखभाल पाहणाऱ्या गृहस्थांनी ‘डेटा फार वाढला, सर्व्हर पुरत नाही’ असे सांगून मोठ्या सर्व्हरसाठी आगाऊ रक्कम घेतली. नव्या सर्व्हरवर रात्री त्यांनी दाखवलेला वेग खरा होता, पण त्या वेळी वेबसाइटवर आमच्याशिवाय कोणीच नव्हते. सकाळी दुकाने उघडताच पुन्हा तेच, आणि वर त्याहून मोठ्या सर्व्हरचे कोटेशन.

ते मंजूर करण्याआधी, पुण्यात हेच काम करणाऱ्या माझ्या भाचीने मायएसक्यूएलचा, म्हणजे ऑर्डरी साठवणाऱ्या आमच्या डेटाबेसचा, स्लो क्वेरी लॉग (वेळखाऊ क्वेरींची, म्हणजे डेटाबेसकडे केलेल्या विचारणांची नोंद) सुरू केला. तो मुळात बंद असतो आणि सुरू केल्यावरही 10 सेकंदांहून अधिक वेळ घेणाऱ्या क्वेरीच नोंदवतो, म्हणून तिने ती मर्यादा 1 सेकंदावर आणली. व्यापाऱ्याच्या क्रमांकावरून ऑर्डर शोधणारी एकच क्वेरी त्यात पुन्हा पुन्हा दिसली. डेटाबेस माहिती कशी शोधतो ते दाखवणारा ‘एक्सप्लेन’ हा शब्द तिच्याआधी लिहून ती चालवली, तर ‘टाइप’खाली ‘ऑल’ आणि ‘की’खाली ‘नल’ आले. म्हणजे इंडेक्स (हवी ती ओळ पटकन शोधून देणारी अनुक्रमणिका) न वापरता एका व्यापाऱ्यासाठी सगळे टेबल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले जात होते. खतावणीची अनुक्रमणिका फाडायची आणि वही जाड झाली म्हणून मोठे कपाट विकायचे, असा हा प्रकार.

डेटा वाढल्याने येणारा संथपणा सहसा हळूहळू जाणवतो, म्हणून तिने आधीच्या महिन्याचा बॅकअप उघडला. टेबलाच्या रचनेत व्यापाऱ्याच्या क्रमांकाच्या कॉलमचा इंडेक्स लिहिलेला होता. ताज्या बॅकअपमध्ये नेमकी तीच ओळ नव्हती. जुन्या सर्व्हरच्या बायनरी लॉगमध्ये, म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदीत, वेबसाइट मंदावली त्याच्या आदल्या रात्रीची ‘ड्रॉप इंडेक्स’ ही इंडेक्स काढून टाकणारी आज्ञा वेळेसकट सापडली, आणि डेटाबेसचा पासवर्ड तेव्हा फक्त त्या गृहस्थांकडे होता. इंडेक्स परत घालताच ऑर्डर क्षणात उघडू लागली.

‘चुकून झाले असेल’ एवढेच त्यांचे उत्तर. पण चूक पहिल्याच तपासणीत सापडली असती. त्यांनी तपासणी न करता थेट बिल लावले, हे मला अक्षम्य वाटते. दोन्ही बॅकअप आणि लॉग जोडून आम्ही माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000च्या कलम 43 व 66 खाली तक्रार दिली आहे. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी सर्व्हरचे पैसे देण्याआधी ‘एक्सप्लेन’चा निकाल लेखी मागावा आणि बायनरी लॉगची प्रत त्याच दिवशी काढून ठेवावी, कारण वेगळी सोय केली नसेल तर मायएसक्यूएल 8 हा लॉग 30 दिवसांनंतर आपोआप पुसून टाकते.