आधी अंग, मग कथा : आठ महिने वापरलेल्या एका पद्धतीबद्दल

गेल्या वर्षापर्यंत माझ्या कथांमधली माणसं एका जागी बसून विचार करायची. गिरणी कामगार असो की कॉलेजात जाणारी मुलगी, विचार सगळ्यांचे माझेच. एका दिवाळी अंकाकडून कथा साभार परत आली, तिच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'माणूस दिसत नाही.' ते मला लागलं आणि पटलंही.

तेव्हापासून आठ महिने एक पद्धत नेमानं पाळतेय. पात्राच्या अंगात कोणता खेळ किंवा कोणते कष्ट मुरलेत ते आधी ठरवायचं. ती हालचाल शिकायची, निदान जवळून बघायची. मगच प्रसंग लिहायला घ्यायचा, आणि पहिल्या खर्ड्यात 'त्याला वाटलं' हे शब्द बंद. मूळ कल्पना नाटकवाल्यांची. रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की (१८६३-१९३८) यांनी अखेरच्या वर्षांत नटांबरोबर याच दिशेनं काम केलं. भावना हुकमावर येत नाही. कृती नेमकी झाली की ती मागून येते, असा त्यांचा भर होता. कागदावर हे कितपत चालतं ते मला बघायचं होतं.

माझ्या पहिल्या कथेतला वसंता ५८ वर्षांचा. लालबागचा. वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा हा सोळाचा. पुढं मंडळाकडून कबड्डी खेळला, डावा कोपरा. आता गिरणीच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या गेटवर वॉचमन आहे. एवढं सगळं ठरलं होतं, तरी माणूस काही उठून चालेना.

म्हणून घराजवळच्या एका मंडळात मुलींच्या सरावाला जायला लागले, आठवड्यातून तीन सकाळी. महिनाभर बाजूला बसून पाहिलं. मग सरांनी त्रेचाळिसाव्या वर्षी मला कोपऱ्यात उभं केलं. पहिल्याच चढाईला चुकले. चढाई करणाऱ्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिनं नजर उजवीकडे टाकली, मी तिकडे सरकले आणि तिचा पाय डावीकडून माझ्या गुडघ्याला शिवून गेला. सर म्हणाले, तोंडाकडे बघायचं नाही, हूल तिथूनच मिळते. पाय बघ. ज्या पायावर भार आहे तो तिला पटकन उचलता येत नाही, घोटा त्याचाच धर.

घरी येताना बसमध्ये मला वसंता सापडला. उमेदीची सगळी वर्षं पायांकडे बघण्यात गेलेला माणूस गेटवरही पायच बघणार. टॉवरमधल्या लोकांना तो चपलांवरून ओळखतो. घरी मुलगी दारात उभी राहून म्हणते, 'मी कुठं जातेय, इथंच आहे.' पण तिचा भार उंबऱ्याबाहेरच्या पायावर आहे. वसंता काही बोलत नाही, खुंटीवरची तिची पिशवी काढून हातात देतो. टेबलाशी बसून मला ही पिशवी कधीच सुचली नसती.

तसंच साखळीचं, म्हणजे बचावात शेजारणीचा हात धरून उभं राहण्याचं. तो हात मी आवळून धरायचे आणि दर वेळी ओरडा खायचे. बोटं अडकवायची, पण सोडायला क्षणही लागू नये इतकीच. दवाखान्यात बायकोचा हात वसंता तसाच धरतो. तिला वाटतं, यांचं लक्ष नाही. त्याच्या अंगाला मात्र सोबतीचा हात धरायची हीच रीत ठाऊक आहे. या जागेवर मी सर्वात जास्त दिवस घालवले आणि ती अजूनही मला आवडते.

दुसरी कथा बाप-लेकीची, सिंहगडावरची. आतकरवाडीच्या पायवाटेनं चार वेळा चढले. चढण जवळपास ६०० मीटर. इथं मला संवादाचं कळलं. उभ्या चढावर कुणीही लांब वाक्य बोलत नाही; तीन-चार शब्द, मग श्वास. माझे जुने संवाद त्या चढावर म्हणून पाहिले, एकही पूर्ण होईना. आणि आधी कोण थांबतं, त्याहून थांबताना काय सांगतं ते महत्त्वाचं. बाप म्हणतो, 'थांब, तुझा फोटो काढतो.' लेकीला कारण कळतं. ती केस सारखे करते, हवा तेवढा वेळ घेते. पुणे दरवाज्यापर्यंत तिचे अकरा फोटो निघतात.

आता जिथं पद्धत कमी पडली ते. दुसऱ्या महिन्यात शिकलेलं सगळं कागदावर ओतलं. मध्यरेषा, निदानरेषा, ३० सेकंदांची चढाई, पकडींचे प्रकार. मैत्रिणीनं दोन पानं वाचून सांगितलं की वसंता नियमपुस्तकात हरवलाय. तेव्हापासून दहा गोष्टी शिकते आणि एकच ठेवते. शिवाय ही पद्धत कथानक देत नाही. पुढं काय होणार हे तुमचं तुम्हालाच शोधावं लागतं. माझी तिसरी कथा त्यातच अडकून पडली आहे. आणि चाळिशीनंतर मैदानात उतरणार असाल तर आधी गुडघे डॉक्टरांना दाखवा. माझा तीन आठवडे सुजला होता.

एका गोष्टीबद्दल मात्र कळकळीनं सांगते. शरीर वापरायचं म्हणजे खलनायकाला लंगडा करायचं आणि सज्जनाला ताठ चालवायचं, असं नाही. व्यंगावरून माणसाचं मन सांगणं हा अन्याय आहे, आणि आपल्याकडे तो फार वर्षं चाललाय. अंगात सवय कुठून आली ते शोधा. लंगडण्यालाही कारण असतं, वय असतं, रस्त्याची एक बाजू निवडणं असतं.

पद्धत सोडणार नाही. चौथं पात्र भाकरी करून देणाऱ्या बाईचं आहे, त्यासाठी पुढल्या आठवड्यात सोलापूरला आत्याकडे जातेय. ताज्या पिठाची ज्वारीची भाकरी ती हलक्या हातानं, एका लयीत थापते. पीठ जुनं होऊन त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली असेल तर भाकरीची कड चिरत जाते, दर दोन थापांमागे ती बोटांनी सांधावी लागते आणि लय मोडते. शेजारच्या खोलीत बसलेल्या काकांना त्या आवाजावरून पीठ कळतं, आणि त्या दिवशी ते जास्तीची भाकरी मागत नाहीत.