वीस ग्रॅमचे अपील

ज्या पाकिटात माझ्या अपिलाची बासष्ट पाने रवाना झाली असे मला तीन वर्षे सांगितले जात होते, त्याच्या स्पीड पोस्टच्या पावतीवर वजन छापलेले होते वीस ग्रॅम. ती पावती पहिल्या महिन्यापासून माझ्या कपाटात होती. मी तिच्यावरची तारीख पाहिली, शिक्का पाहिला, वजन मात्र पाहिले नाही.

24 वर्षांची सेवा पूर्ण करून 31 जानेवारी 2020 रोजी मी तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि नागपुरात मानकापूरला स्थायिक झालो. भरतीच्या वेळी मला कसलीही व्याधी नव्हती. निवृत्तीच्या वेळी रिलीज मेडिकल बोर्डाने उच्च रक्तदाबापोटी 30 टक्के कायमचे अपंगत्व दाखवले, परंतु हा आजार ना सेवेमुळे उद्भवला, ना सेवेमुळे बळावला, असा शेरा मारल्याने डिसेबिलिटी पेन्शनचा दावा नामंजूर झाला. सहा महिन्यांत पहिले अपील करता येते, हे नामंजुरीच्या पत्रातच लिहिलेले होते आणि ते मी वाचलेही होते. हे मुद्दाम सांगतो, कारण फसतात ते अडाणी, असा माझाही तोवर समज होता.

ज्याने मला फसवले तो माणूस मला कामठीच्या लष्करी कॅन्टीनच्या रांगेत भेटला. तक्रारीचा तपास चालू असल्यामुळे त्याचे नाव लिहीत नाही. आपण एका रेकॉर्ड ऑफिसमध्ये, म्हणजे सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात, क्लार्क होतो, असे त्याने सांगितले. पहिल्या दिवशी त्याने कायद्याबद्दल एकही खोटी गोष्ट सांगितली नाही, आणि माझा विश्वास बसला तो त्यामुळेच. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेतच जडला असे गृहीत धरावे आणि तो तसा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी खात्यावर असते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात म्हटले आहे. हे खरे आहे. डिसेंबर 2014 मधील राम अवतार यांच्या निकालानंतर सेवाकाळ पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही टक्केवारी वाढवून धरण्याचा लाभ मिळतो आणि 30 टक्क्यांचे 50 टक्के होतात. हेही खरे आहे. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के, म्हणून पन्नासला 15 टक्के, असा हिशेब त्याने कॅन्टीनच्या बिलाच्या पाठीवर मांडला. माझे शेवटचे वेतन सुमारे 50 हजार होते. महिना 7,500 हा आकडा लिहून त्याने त्याभोवती दोनदा गोल काढला आणि म्हणाला, "होऊन जाते भाऊ, तुम्ही फक्त सह्या करून द्या."

सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयाजवळच्या एका टायपिंगवाल्याकडे शंभराच्या मुद्रांकावर करार झाला. थकबाकी मिळाली की तिच्यातले 40 टक्के त्याचे आणि वकील व टायपिंगसाठी आगाऊ 18 हजार. एक कोरा वकालतनामा आणि तीन कोरे कागद, सगळ्यांवर माझ्या सह्या. डिस्चार्ज बुक आणि वैद्यकीय कागद मूळ प्रतींसह दिले. मुद्रांक पाहिला की आपल्यासारख्या माणसाला सरकारच मध्ये उभे असल्यासारखे वाटते. वास्तविक पेन्शन ॲक्ट 1871 च्या कलम 12 प्रमाणे, अजून हाती न आलेल्या निवृत्तिवेतनावर दुसऱ्याला हक्क लिहून देणारा करार रद्दबातल असतो, आणि निकालातून मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवून फी घेण्यास वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. हा तर वकीलही नव्हता. मला हे सारे नंतर कळले. थकबाकीच्या टक्क्यांची भाषा कानावर पडताच मी तिथून उठायला हवे होते.

पुढची तीन वर्षे "फाइल वर गेली आहे" या एका वाक्यावर गेली. मध्यंतरी त्याने "स्पर्श" या संरक्षण निवृत्तिवेतनाच्या संकेतस्थळावर हयातीचा दाखला भरून देतो म्हणून पासवर्ड आणि ओटीपी मागितला. मी सांगणारही होतो, पण पत्नीने फोन माझ्या हातातून काढून घेतला. निवृत्तिवेतनाचे खाते वाचले ते तेवढ्यामुळेच. 2022 च्या अखेरीस त्याने मुंबईच्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणातील एक प्रकरण क्रमांक पाठवला. पहिले आणि दुसरे अपील झाल्याखेरीज न्यायाधिकरण सहसा अर्ज दाखल करून घेत नाही, हे मला तेव्हा ठाऊक असते तर तो क्रमांक पाहताच संशय आला असता. 2023 च्या दिवाळीत मुलीने तो क्रमांक संकेतस्थळावर टाकला. प्रकरण खरे होते, पण दुसऱ्याच कोणाच्या पदोन्नतीचे होते. त्याच संध्याकाळी तिने कपाटातली पावती काढून विचारले, "बाबा, बासष्ट पानं वीस ग्रॅममध्ये कशी बसतील?"

मी रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिले. माझ्या नावे कोणतेही अपील आलेले नाही, असे उत्तर आले. मग दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून माहिती अधिकारात मेडिकल बोर्डाची कार्यवाही मागितली. आजाराची सुरुवात शांतता क्षेत्रात, म्हणजे सीमेपासून दूरच्या ठाण्यात, झाली, एवढ्या एका ओळीवर दावा नाकारला गेला होता. त्याआधीची सलग दोन वर्षे मी फील्डमध्ये, म्हणजे सीमेवरच्या किंवा मोहिमेच्या भागात, होतो, याचा त्यात विचारच नव्हता. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी शेजारी बसवून घेऊन विलंबमाफीच्या विनंतीसह पहिले अपील माझ्याकडूनच लिहून घेतले आणि त्याचा एक पैसाही घेतला नाही. ते फेटाळले गेले, दुसरेही फेटाळले गेले, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये न्यायाधिकरणात अर्ज दाखल झाला. तिथे अर्जदाराला स्वतः उभे राहता येते. शिवाय विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे अपंग व्यक्तीला मोफत वकील मिळू शकतो.

18 हजार गेले त्याचे दुःख आता उरलेले नाही. खरा फटका विलंबाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या तरसेम सिंग यांच्या खटल्यातील 2008 च्या निकालानुसार अशा प्रकरणांत थकबाकी सर्वसाधारणपणे अर्ज दाखल होण्यापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे मी जिंकलो तरी फेब्रुवारी 2022 च्या मागचे काही हाती येणार नाही. त्यापूर्वीचे चोवीस महिने, दरमहा 7,500 प्रमाणे, महागाई भत्ता सोडूनही 1 लाख 80 हजार होतात. त्याने जेवढे घेतले त्याच्या बरोबर दहापट रक्कम त्याच्याही खिशात न जाता बुडाली. शिवाय धरमवीर सिंग यांचा 2013 चा तो निकाल अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाच्या 1982 च्या नियमांवरचा आहे. मला 2008 चे नियम लागू होतात आणि सप्टेंबर 2023 पासून निवृत्त होणाऱ्यांसाठी ते पुन्हा बदलले आहेत. त्यामुळे "हमखास" हा शब्द माझा वकीलसुद्धा वापरत नाही.

पोलिसांत जाईन म्हटल्यावर तो जरीपटक्याच्या एका चहाच्या टपरीवर आला आणि माझी पिशवी बाकावर ठेवून, चहाही न घेता निघून गेला. डिस्चार्ज बुक आणि वैद्यकीय कागद आत होते. पावसात भिजू नयेत म्हणून तीन वर्षांपूर्वी पत्नीने प्लॅस्टिकवर लाल नाडीची गाठ मारली होती. ती तशीच होती, सुटलेलीच नव्हती. वकालतनामा आणि तीन कोरे कागद मात्र त्यात नव्हते. पोलीस ठाण्यात दिलेल्या तक्रारीची सुरुवात मी पैशांपासून न करता त्या चार सह्यांपासून केली आहे.