बाबांच्या 7 एमएमच्या गाठीसाठी नोड्यूल क्लिनिक: 5 पैकी 4 स्टार

बाबा पडले, बरगडीला लागलं म्हणून छातीचा सीटी काढला आणि रिपोर्टमधे बरगडी राहिली बाजूला, उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात 7 एमएमचा सॉलिड नोड्यूल, म्हणजे छोटी भरीव गाठ, निघाला. बाबांनी बरीच वर्षं सिगारेट ओढलीये, त्यामुळे घरात सगळ्यांची झोपच उडाली. सहा महिन्यांनी दुसऱ्या सेंटरला परत सीटी केला तर रिपोर्ट आला 8 एमएम, "वाढ दिसते". बस, आम्ही सगळे बायोप्सी करा म्हणून मागे लागलो, आणि तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी या क्लिनिकला पाठवलं.

इथलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि दोन्ही सीडी मागितल्या. दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावून आम्हाला दाखवले. सीटीत शरीराचे चकत्यांसारखे फोटो निघतात, पहिल्या स्कॅनच्या या स्लाइस 5 एमएमच्या जाड होत्या, दुसऱ्याच्या 1 एमएमच्या, मग एवढ्याशा गाठीचं माप जुळणार कसं? एक एमएमचा फरक नुसता मोजण्यातही पडतो, 2 एमएम किंवा जास्त वाढली तर ती खरी वाढ धरतात असं म्हणाले. आणि आकारमान दुप्पट व्हायला व्यास साधारण 26 टक्केच वाढावा लागतो, म्हणजे 7 ची जवळपास 9 झाली की गाठ दुप्पट झाली! हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. नुसता आकडा बघून घाबरायचं नाही आणि नुसता आकडा बघून निवांतही बसायचं नाही हे तेव्हा कळलं.

पेट (PET) स्कॅनचं, म्हणजे गाठीतल्या पेशी किती सक्रिय आहेत ते दाखवणाऱ्या स्कॅनचं, मीच विचारलं. 8 एमएमच्या खालच्या गाठीत तो फारसा भरवशाचा नाही, निगेटिव्ह आला तरी कॅन्सर नाहीच असं म्हणता येत नाही, आणि सुईने बायोप्सी करताना फुफ्फुसातून हवा गळायचा धोका असतो. म्हणून थांबायचं, पण तारीख ठरवून. अशा सॉलिड गाठीला 6 ते 12 महिन्यांनी एक सीटी आणि मग 18 ते 24 महिन्यांनी अजून एक असं फ्लाइशनर सोसायटी या छातीच्या स्कॅनच्या तज्ज्ञांच्या संस्थेच्या 2017 च्या गाइडलाइनमधे आहे, ते त्यांनी कागदावर लिहून दिलं. शेजारी बसलेल्या काकूंची गाठ काचेसारखी धूसर दिसणारी होती, त्या हळू वाढतात म्हणून त्यांना 5 वर्षं यायचंय. प्रत्येकाचं वेगळं असतं, दुसऱ्याचं वेळापत्रक आपल्याला लावू नका.

एक स्टार कापला कारण अपॉइंटमेंटला तीन आठवडे लागले, आणि नंतरच्या स्कॅनचा रिपोर्ट रात्री अकराला ॲपवर येऊन पडला, समजवायला कोणी नाही. बाबा रात्रभर तोच वाचत बसले होते. सकाळी नर्सताईंचा फोन आला तेव्हा कळलं की गाठ 7 एमएमचीच आहे, कडाही गुळगुळीत आहेत. हाच फोन आधी केला असता तर ती रात्र वाचली असती, हे मी त्यांना लेखी कळवलंय.

जाणार असाल तर जुने सगळे स्कॅन सीडीसकट न्या, अगदी पाच-सात वर्षांपूर्वीचा कशासाठी काढलेला असला तरी. तीच गाठ तेव्हाही तेवढीच होती असं दिसलं तर किती तपासण्या वाचतील. बाबांचा पुढचा सीटी 20 व्या महिन्यात आहे, लो डोस म्हणजे कमी किरणांचा, त्याच मशीनवर, त्याच जाडीच्या स्लाइसने. तारीख आईने कॅलेंडरवर गोल करून ठेवलीये.